टेपचं बटण कुणी फिरवलं?

आक्का आज सकाळी गेली. तिच्यावरचा माझा संशय मात्र दुपारपर्यंत जिवंत होता.

मी जात्याच संशयी.

फोनसमोर नुसतं चप्पल म्हटलं की चपलांच्या जाहिराती दाखवणाऱ्या आजच्या यंत्रांवर माझा काडीचा विश्वास नाही.

विश्वास एकाच मशीनवर. मस्कतच्या मामानं आणलेला आमचा पहिला कॉम्प्युटर. रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा. प्रोग्रॅम कॅसेटवर. टेपरेकॉर्डर लावला की बराच वेळ नुसती किरकिर, मग टीव्हीवर चित्र. टेपचा आवाज जरा कमी-जास्त झाला की सगळं मुसळ केरात.

पण नाही जमलं तर तोंडावर एरर द्यायचा. पाठीमागं काही नाही. अजून कपाटात जपून ठेवलाय.

आणला माझ्यासाठी, शिकली आक्का. मी गेम खेळायचो, ती प्रोग्रॅम लिहायची. तिला शाहूपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासला जायचं होतं.

बाबांनी वारणानगरचं स्थळ आणलं.

पाहुणे बघायला आले. रिवाजाप्रमाणे भरतकामाचे रुमाल, मण्यांचा गणपती, सगळं मांडलेलं. "सगळं हिनंच केलंय बरं का," आई म्हणाली. (रुमाल मावशीचे होते.)

बाबांना चेव आला. "ह्यो कॉम्प्युटर बी हीच चालवत्या. टीव्हीवर पावण्यांचं नाव आणून दावती बघा."

आक्कानं कॅसेट लावली. किरकिर सुरू झाली. पोहे गार झाले.

एरर.

परत लावली. परत एरर.

मुलाची आई रुमालांकडं बघत म्हणाली, "मग ह्ये तरी हिनंच केलंय न्हवं?"

कळवतो म्हणून गेले. कळवलं नाही.

बाबांचा राग उतरायला कितीतरी दिवस लागले. मग एकदा म्हणाले, "जा त्या क्लासला." आक्का शिकली, पुढं जन्मभर कॉम्प्युटरच शिकवत राहिली. लग्नही केलं, स्वतःच्या पसंतीनं.

पण आदल्या दिवशी धडाधड चालणारी कॅसेट नेमकी तेव्हाच कशी फेल गेली? टेपजवळ ती आणि मीच बसलेलो. दर भाऊबीजेला विचारायचो, "आक्का, आवाजाचं बटण तूच फिरवलतंस न्हवं?"

ती नुसती हसायची.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात परत विचारलं. या वेळी हसली नाही.

"येड्या, मला वाटायचं तूच फिरवलंस. माझ्यासाठी. तुला बाबांचा मार बसू नये म्हणून मी गप बसलो. लई उपकार हायत तुझं."

माझा विश्वास बसला नाही. इथंही टोलवतेय, असंच वाटलं.

आज दुपारी सगळं उरकून घरी आलो. आई भिंतीला टेकून बसलेली. ऐंशी पार केलेली बाई, लेकीच्या माघारी राहिलेली. तिला आक्काचं ते बोलणं सांगितलं.

आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी फिरवलं. पोह्याच्या बशा ठेवताना. आवाज हालला की बिघडतंय म्हणून तीच तर मला रोज वरडायची."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुझं बाबा हुतं तवर भ्या वाटायचं. आन् मागनं तिनं मला कधी इचारलंच न्हाय."

खरंच. आम्ही बहीणभाऊ एकमेकांवरच संशय घेत राहिलो. आईवर कुणी घेतलाच नाही.

आक्का, तो मी नव्हतो गं. आई होती.

हे ऐकून तुझा चेहरा कसा झाला असता, तेवढं बघायचं राहिलं.

भावाचा शेवटचा नमस्कार.