तात्यांची चित्राहुती आणि सहा गुरामी

चौथा एंजल फिश पोट वर करून तरंगत होता. पलंगावर पडलेल्या तात्यांनी उजव्या हाताची चार बोटं मला दाखवली.

“चार डबे सुटले, तम्मा. दोन राहिले. मग गार्डाचा डबा.”

तात्या मला तम्मा म्हणायचे, म्हणजे कन्नडात धाकटा भाऊ. ते रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. गार्ड म्हणजे गाडीच्या शेवटच्या डब्यात बसणारा माणूस. त्यांना काय म्हणायचंय ते मला लगेच कळलं. दारात उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेलाही कळलं. सरस्वतीअक्कांनी तोंडाला पदर लावला आणि त्या आत निघून गेल्या.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. बेंगळुरात घरी काचेची टाकी ठेवणं ही तेव्हा नवलाई होती. शिवाजीनगरजवळ मासे आणि टाक्या विकणाऱ्या दुकानात मी नोकरीला होतो. घरी जाऊन टाकी बसवायची, तिच्यासाठी मासे निवडायचे आणि पहिला महिनाभर लक्ष ठेवायचं, हे माझं काम. वय चोवीस. माशांतलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा पक्का समज होता.

तात्यांची डावी बाजू अर्धांगवायूने गेली होती. ‘नजरेसमोर काहीतरी हलतं-फिरतं ठेवा,’ असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला सांगितलं. गोपाळराव दुकानात आले आणि म्हणाले, “मासे तुम्हीच निवडा, सरी?” सरी म्हणजे कन्नडात ठीक आहे. मी क्षणाचाही विचार न करता सहा एंजल निवडले. काळे पट्टे, लांबलचक पर, संथ चाल. राजेशाही मासा. टाकी तात्यांच्या उजव्या हाताशी स्टुलावर ठेवली आणि खुशीत परत आलो. म्हणजे निवड माझी होती. मरत होते तेही माझेच मासे.

मालक फर्नांडिस साहेबांनी फैसला सुनावला. “टँक उचलून आण. डेड फिश इज बॅड अॅडव्हर्टाइजमेंट, मॅन.”

“सर, एक आठवडा द्या.”

“दोन फिश उरलेत. ते तरी आठवडाभर टिकतील?”

“बघतो,” म्हणून मी सटकलो. पण टाकी उचलायची नाही हे मी मनाशी पक्कं केलं होतं. मी ती उचलून नेली असती तर तात्यांनी आपली गाडी गेली असंच धरलं असतं.

मी एकेक गोष्ट तपासायला घेतली. नळाच्या पाण्यात औषध असतं, म्हणून पाणी एक दिवस बादलीत ठेवून मग टाकीत घालायचं. अक्का तसंच करत होत्या. एंजलला ऊब लागते, त्यासाठी झाकणात बल्ब होता. तो चालू होता. काचा जोडणारी पुट्टी चांगली वाळलेली होती. खाणं सकाळी एकच चिमूट. डबा उघडून पाहिला, भुकटी बरोबर तेवढीच संपली होती. तरी दर तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ व्हायचं. पाणी दुधाळ झालं की समजायचं, तळाशी काहीतरी कुजतंय. आणि काही कुजायला लागलं की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे गुदमरतात.

मी अर्धं पाणी बदललं. दोन दिवसांनी पुन्हा दुधाळ. पाचवा एंजल गेला. तात्यांनी या वेळी पूर्ण पंजा दाखवला.

निघताना मी अक्कांना सहज विचारलं, “तात्यांचं जेवण ठीक आहे ना?”

“ताट धुतल्यासारखं असतं, अण्णा. पण अंगाला काही लागत नाही बघा. हाडं वर आलीत. डॉक्टरपण कोड्यात पडलेत.”

मी मान हलवली आणि सायकलवर बसलो. माझं डोकं टाकीत होतं. त्यांनी उत्तर माझ्या हातात ठेवलं होतं आणि मी ते तिथेच ठेवून आलो.

दुसऱ्या दिवशी तळ साफ करायला सायफन घेऊन गेलो. सायफन म्हणजे साधी रबरी नळी. एक टोक टाकीच्या तळाशी, दुसरं तोंडात. ओढायचं आणि पाणी यायला लागलं की खाली बादलीत सोडायचं. मी जरा जास्तच जोरात ओढलं. तोंडात पाणी आलं ते आंबलेल्या पेजेसारखं. थू करून बादलीत बघितलं, तर बुळबुळीत, फुगलेली शितं. मऊ भात. वाळूत हात घालून पाहिलं. पलंगाच्या बाजूला थरच्या थर साचला होता.

मी अक्कांना हाक मारणार, एवढ्यात तात्यांकडे लक्ष गेलं. ते भिंतीकडे बघत होते.

मी आवाज खाली आणला. “तात्या, हे काय?”

“चित्राहुती.”

जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवायचं आणि चार शितं बाहेर ठेवायची, हा आपल्याकडचा रिवाज. तात्यांनी जन्मभर पाळलेला.

“पलंगावर कुठे ठेवू? हे मुके जीव समोर आहेत. त्यांना दिली.”

“एवढी?”

त्यांनी उजव्या हाताने चादर सारखी केली. मग म्हणाले, “आधी चारच शितं होती. मग घास उतरेना. ताटात उरलं की सून रडते. अन्न टाकलेलं मलाही बघवत नाही. म्हटलं, यांच्या तरी पोटात जाऊ दे.”

“त्यानेच मेले ते.”

“माझ्यामुळे?”

“हो, तुमच्यामुळे! गाडी-बिडी काही सुटत नव्हती. डबे तुम्हीच सोडत होता.”

वडीलधाऱ्या, आजारी माणसाशी मी असं बोललो. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

“उरलेला घेऊन जा मग,” ते म्हणाले. “चित्राहुती मी सोडायचा नाही.”

“सोडू नका. पण चारच शितं. अक्कांना स्वल्पच वाढू दे, आणि ते तुम्ही खायचं. आता अक्कांना हे मी सांगू, की तुम्ही सांगता?”

स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येत होते. तात्यांनी डोळे पुसले. “मीच सांगतो.”

उरलेला एंजल मी डब्यात घालून दुकानात परत आणला. आता मासे नव्याने निवडायचे होते. या वेळी मी शोकेसकडे बघितलंच नाही, तात्यांचा हात डोळ्यांसमोर ठेवला. भात खाणारा मासा हवा. शित तळाला जायच्या आत झेलणारा हवा. आणि एखाद्या दिवशी पाणी बिघडलंच, तर तग धरणारा हवा. गुरामी! त्याच्या डोक्यात एक वेगळी सोय असते, त्यामुळे तो पाण्यावर येऊन हवेचा घोट घेतो. पाणी थोडं खराब झालं तरी गुदमरत नाही.

फर्नांडिस साहेबांनी नाक मुरडलं. “गुरामी? शोकेसमध्ये त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.”

“कस्टमर शोकेसमध्ये राहत नाही, सर.”

“सरी. लास्ट चान्स.”

मी सहा गुरामी निवडले आणि आदल्या दिवशी त्यांना मुद्दाम उपाशी ठेवलं. दुपारी टाकीत सोडले. थोड्या वेळाने अक्का ताट घेऊन आल्या. तात्यांनी त्यांना सगळं सांगितलं होतं, ते त्यांच्या सुजलेल्या डोळ्यांवरून दिसत होतं. “आधी बोलला असतात तर मी पेज केली असती ना हो,” एवढंच त्या म्हणाल्या. ताटात वाटीभर पेज आणि कडेला चार शितं.

तात्यांनी पहिलं शित सोडलं. एक गुरामी वर आला. त्याने आपल्या दोऱ्यासारख्या बारीक परांनी ते चाचपलं आणि गिळलं. दुसरं, तिसरं, चौथं. एकही तळाला पोचलं नाही. तात्या हसले. मग त्यांची बोटं पेजेतल्या शितांकडे वळली.

“तात्या,” मी म्हणालो.

“रेड सिग्नल?”

“रेड.”

त्यांनी तो घास स्वतःच्या तोंडात घातला. अक्कांनी घाईघाईने माझ्याकडे पाठ फिरवली.

तात्या पुढे दीड वर्ष जगले. वजन भरलं, आवाज चढला. मी गेलो की मला कामावरून झापायचे, पाणी उशिरा बदललं म्हणून. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी सायकल काढून तडक त्यांच्या घरी गेलो. पलंग रिकामा होता. शेजारी टाकी, पाणी आरशासारखं. मी नकळत मासे मोजले. सहाच्या सहा होते. डबे सगळे जागेवर राहिले आणि गार्ड आधी उतरून गेला.

मी नंतर स्वतःचं दुकान काढलं. गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न ठरलेला, “कोणते मासे घेऊ?” मी म्हणतो, ते नंतर बघू. टाकीशेजारी कोण बसणार आहे, आणि तो पोटभर जेवतो का, ते आधी सांगा.