एवढं एक धरा ना जरा

"दादा, एवढं एक धरा ना जरा," असं ताई म्हणाल्या की समोरचा माणूस पिशवी असेल समजून हात पुढे करायचा, आणि त्याच्या हातात मूल यायचं. चिकट हातांचं, एका पायात चप्पल नसलेलं. माणूस भानावर येईपर्यंत ताई दहा पावलं पुढे गेलेल्या असायच्या.

गंगापूर रोडवरच्या एका चष्म्याच्या दुकानात मी काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करतो. ताई तिथं दुपारी अर्धा दिवस काउंटरवर असायच्या. नोकरी मागायला आल्या तेव्हाही कडेवर धाकटी होती. मालक अर्ज वाचायला लागणार एवढ्यात ताई म्हणाल्या, "सर, एवढं एक धरा ना जरा, सर्टिफिकेट काढते." धाकटीने मालकांच्या मांडीवर बसल्या बसल्या त्यांचा चष्मा काढला आणि तोंडात घातला. मालकांना पुढचं काहीच दिसेना. त्यांनी तिथल्या तिथे ताईंना कामावर घेतलं. चष्मा परत मिळवण्याचा त्यांना दुसरा मार्ग सुचला नसावा, असं मला अजून वाटतं.

ताई दुकानामागच्या कॉलनीत राहायच्या. दोघे भाऊ, दोघी जावा, सासूबाई आणि मुलं असं एकत्र घर. ताईंची चार: थोरली, तिच्या पाठचे जुळे आणि ही धाकटी. जावेचे दोन मुलगे. जाऊ सातपूरच्या कारखान्यात पूर्ण वेळ जायची, त्यामुळे सहाही मुलं ताईंच्याच वाट्याला. ताईंच्या चार तासांपुरती सासूबाई ती सांभाळायच्या. म्हणजे एका खुर्चीत बसून सगळ्यांना आळीपाळीने हाका मारायच्या. पण घर उभं होतं.

मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या विश्रांतीला लेकीकडे गेल्या. त्या दिवसापासून आमच्या दुकानात मुलं सापडायला लागली. काउंटरखाली एक, मशीनमागे एक. एकदा गिऱ्हाईकाने आरशात बघायला मान वर केली, तर आरशाच्या मागून कुणीतरी "भारी दिसतंय" म्हणालं. गिऱ्हाईकाने ती फ्रेम घेतली.

ताई कामात पक्क्या होत्या, हे सांगायलाच हवं. त्यांच्यासारखी फ्रेम निवडून देणारं माणूस मी पाहिलं नाही. "ही नका घेऊ दादा, हिच्यात तुम्ही उधारी मागायला आल्यासारखे दिसता," असं त्या सरळ तोंडावर सांगायच्या आणि गिऱ्हाईक खूश होऊन दुसरी घ्यायचं. निफाडकडचं माहेर, त्यामुळे घाई झाली की बोलणं गावाकडं वळायचं. "लय जड हाय ही, नाकावर वळ उठंल."

एकदा मी विचारलं, "ताई, एवढी ओढाताण कशाला? सोडून द्या ना काही दिवस."

त्या फडक्याने काच पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, घरी सहाजण मला हाक मारतात आणि सहाही जणांना एकाच वेळी शी लागलेली असते. इथं चार तास लोक मला मॅडम म्हणतात. हे सोडलं तर मी त्या बाथरूमच्या दारातच म्हातारी होईन."

मी हसलो. त्या मात्र हसल्या नव्हत्या.

नोकरी जायची वेळ आली ती एका आजोबांमुळे. ते निवृत्त शिक्षक. आपल्याला चष्म्याची गरज नाही यावर ठाम. आजींनी ओढत आणलेलं. तपासणीच्या खोलीत नंबर काढणाऱ्या सरांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि अक्षरांचा तक्ता दाखवला. आजोबांनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळसुद्धा घडाघडा वाचून दाखवली. सर थक्क झाले. "या वयात अशी नजर मी पाहिली नाही," म्हणाले. आजोबांनी आजींकडे विजयी मुद्रेने पाहिलं. म्हणजे पाहायला गेले. प्रत्यक्षात त्यांनी पाण्याच्या कूलरकडे पाहिलं आणि त्यालाच म्हणाले, "आता पटलं का तुला?"

तेव्हा आजींनी खाली वाकून खुर्चीमागचा पडदा बाजूला केला. मागे जुळ्यांतला एकजण उकिडवा बसला होता. दुकानात राहून राहून त्याला अख्खा तक्ता पाठ झाला होता आणि तो आजोबांच्या कानाशी एकेक अक्षर सांगत होता. दुसरा जुळा टेबलाखालून बोटाने ओळ दाखवत होता, तीही चुकीची.

आजोबा म्हणाले, "पोराला रागावू नका. उच्चार फार स्वच्छ आहेत त्याचे."

पण मालक रागावले. ते ओरडणाऱ्यातले नव्हते. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी ताईंना बोलावून हळू आवाजात सांगितलं, "उद्यापासून दुकानात मुलं नकोत. जमत नसेल तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

"जमंल सर," ताई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच एका गिऱ्हाईकाला न शोभणारी फ्रेम दिली.

दुसऱ्या दिवशी दुकानात एकही मूल नव्हतं. ताईंनी कामावर येण्याआधीच सगळी मुलं गल्लीत वाटून टाकली होती. थोरली शिंपीकाकांकडे, बटणांचे रंग वेगळे करायला. धाकटी फुलवाल्या मावशींकडे, झेंडूच्या ढिगात. जावेचा मोठा झेरॉक्सच्या दुकानात, धाकटा माझ्या आईकडे. आणि जुळे? जुळे त्याच आजोबांकडे. ताई आजींकडे माफी मागायला गेल्या होत्या आणि येताना दोघांना तिथंच ठेवून आल्या. आजोबांनी चष्मा घेतला होता, पण घालत नव्हते. जुळे त्यांना पेपर वाचून दाखवायचे. जोडाक्षरं आली की गाळायचे, त्यामुळे आजोबांना जगात बरंच शांत चाललं आहे असं वाटायला लागलं होतं.

ही व्यवस्था आठवडाभर नीट चालली. मग मुलांनी आपापसात बदल्या सुरू केल्या. माझी आई साबुदाण्याची खिचडी करते ही बातमी पसरली आणि एका दुपारी घरी गेलो तर ओट्यापाशी चौघं बसलेले. शिंपीकाकांकडे थोरलीच्या जागी कोण आहे हे काकांनाच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, मुलगी आजारी पडून बारीक झाली. फुलवाल्या मावशी संध्याकाळी दारात येऊन म्हणाल्या, "तुमची बारकी नाय आली आज. हे कोण पोरगं पाठवलं? माझा गजरा खाल्ला त्यानं."

ताई रोज संध्याकाळी गल्लीच्या एका टोकाकडून निघायच्या आणि मुलं गोळा करत जायच्या. आम्ही दुकानांतले सगळे आपापल्या पायरीवर उभे राहून बघायचो. कुणीतरी ओरडून सांगायचं, "ताई, तुमचं एक आमच्याकडे झोपलंय." त्या हात वर करून "येते" म्हणायच्या. तुम्ही तिथं असतात तर तुम्हीही पायरीवर येऊन उभे राहिला असतात. करमणूक होती, पण तेवढीच नव्हती. सहावं मूल ताईंच्या हाताला लागेपर्यंत आमच्यातलं कुणी आत जात नसे.

 मग एका शनिवारी मालकच एक तान्हं मूल घेऊन दुकानात शिरले. पुण्याची लेक आली होती, तिची कुठलीशी परीक्षा होती, आणि मालकीणबाईंना ताप भरला होता. नातू दुकानात आल्यापासून जो रडायला लागला तो थांबेना. मालकांनी त्याला घड्याळ दाखवलं, पंखा दाखवला, शेवटी अक्षरांचा तक्तासुद्धा दाखवला. दोन गिऱ्हाईकं दारातूनच परत गेली. मालकांचा शर्ट खांद्यापासून खिशापर्यंत ओला झाला.

ताई काउंटरमागे एका बाईंना फ्रेम दाखवत होत्या. त्यांनी डावा हात लांब केला. मालकांनी नातू त्या हातात ठेवला. ताईंनी त्याला पालथा करून कोपरावर घेतला, पाठीवर दोन थापट्या मारल्या आणि त्या बाईंना म्हणाल्या, "गोल चेहऱ्याला ही बरी दिसते, मॅडम." बाळाने मोठा ढेकर दिला आणि झोपून गेलं. बाईंनी फ्रेम घेतली. मालक बराच वेळ पंख्याखाली शर्ट वाळवत उभे राहिले.

सोमवारी आलो तर मागची खोली रिकामी केलेली. जुनी खोकी माळ्यावर, जमिनीवर सतरंजी आणि पाण्याचा माठ.

"सर, हे?" ताईंनी विचारलं.

"सतरंजी जुनीच होती, पडून होती," मालक बिलं चाळत म्हणाले. "तपासणीच्या खोलीत मात्र कुणी जायचं नाही."

ताई आत गेल्या. नाक शिंकरल्याचा आवाज आला. बाहेर आल्या त्या थेट मालकांना म्हणाल्या, "तुमची फ्रेम बदला सर. हिच्यात तुम्ही उगाच कडक दिसता." त्यांनी बदलली.

नंतर ताईंच्या मिस्टरांना लासलगावला कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे कायमची नोकरी लागली. ते आधी इथल्याच द्वारका चौकात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होते. भावांनी वेगळं व्हायचं ठरवलं. भांडण नाही, काही नाही. सासूबाई आता चालायला लागल्या होत्या, त्या जावेकडे राहणार होत्या. ताई आपली चार मुलं घेऊन निघाल्या.

टेम्पो भरला त्या सकाळी अख्खी गल्ली हजर होती. मावशींनी धाकटीच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. आजोबा चष्मा घालून आले होते. ताईंनी सगळ्यांना नमस्कार केला, मालकांच्या पाया पडल्या, मला म्हणाल्या, "दादा, लग्न करा आता. पोरं धरायची सवय झाली तुम्हाला." आम्ही रडलो, हात हलवले, टेम्पो वळणावर दिसेनासा झाला आणि आपापल्या दुकानांची शटर उघडायला गेलो.

थोड्या वेळाने टेम्पो परत आला.

द्वारकेच्या सिग्नलला ताईंनी मागे वळून पाहिलं, तर गाद्यांच्या वळकटीत जावेचा धाकटा बसलेला. पाठीला दप्तर, हातात दात घासायचा ब्रश. ताईंनी त्याला उतरवला आणि जावेसमोर उभा केला. तो रडत नव्हता. टेम्पोकडे बघत ब्रश चावत होता. जाऊ त्याच्या दप्तराचा पट्टा नीट करत राहिली.

ताई टेम्पोच्या पायरीपर्यंत चालत गेल्या, थांबल्या, परत आल्या.

"शाळेला सुट्टीच हाय ना अजून," त्या जावेला म्हणाल्या. "राहू दे चार दिवस. आणून सोडते."

त्यांनी त्याला उचलून पुन्हा गाद्यांवर ठेवला. जुळ्यांनी सरकून जागा केली.  आम्ही पुन्हा आपापल्या पायरीवर उभे होतो. मालक पुढे झाले, टेम्पोचा फाळका वर उचलला, कडी नीट लागली की नाही ते दोनदा ओढून पाहिलं, आणि हाताने पत्र्यावर थाप मारली.