पानावर ठेवलेलं बोट

ही गोष्ट मी कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, पाळकाला नाही. प्रार्थनेतसुद्धा तिच्या अलीकडंच थांबत आलो — देवाला ठाऊक असेलच, असं म्हणून पुढं सरकायचो. आता थकलोय. तुम्ही माझ्या नात्याचे नाही, गावचे नाही, म्हणून तुमच्याजवळ तोंड उघडतोय.

आमचं गाव कोपरगावपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. गावाच्या कडेला आम्हा ख्रिस्ती लोकांची थोडी घरं आणि मिशनची एक खोली. आठवडाभर ती शाळा, रविवारी तेच देऊळ. तिथं रविवारचं शास्त्र वाचायचा मान आधी माझ्या बापाचा होता, मग माझा. उभं राहायचं, शास्त्र उघडायचं, ओळीवर बोट ठेवायचं आणि आवाज सोडायचा. माझा आवाज पार ओढ्यापल्याड जातो, असं लोक म्हणत. मलाही ते खरं वाटे.

आता सांगतो. मला वाचता येत नव्हतं.

पहिलीचं पुस्तक फाटायच्या आत मी गुरांमागं गेलो. सुटं अक्षर ओळखायचो, जोडाक्षर आलं की गाडं रुतायचं. पण बापानं मोटेवर म्हणवून म्हणवून स्तोत्रं पाठ करून घेतली होती. कुठलं स्तोत्र कुठल्या पानावर, ते पानावरच्या तेलाच्या डागांवरून कळायचं. बापही तसंच वाचायचा. यात काय मोठं पाप झालं? — थांबा, पाप अजून आलंच नाही. ही नुसती लाज होती.

जर्मनची लढाई सुरू झाली त्या साली शाळेवर नवा मास्तर आला. पोरगेलाच, पण मनानं वाईट नव्हता. एका रविवारी त्यानं भरल्या देवळात भलतंच पान उघडून माझ्यापुढं धरलं. म्हणाला, "काका, आज स्तोत्र नको, हे वाचा."

मी म्हणालो, डोळ्यात कण गेलाय.

मागून कुणी तरी बोललं, "कण गेलाय का अख्खं खळं गेलंय?" सगळी हसली. मास्तर तेवढा हसला नाही. त्याला कळलं होतं, आणि त्याला माझी दया आली होती. हसणारे मी विसरलो. ती दया नाही विसरलो.

दुसऱ्या दिवशी मी सुवार्तेला शाळेतून काढलं. सुवार्ता माझी थोरली, पाटीवर नुकती अक्षरं गिरवायला लागली होती. धाकटा दानिएल तिचं बोट धरून नुसता बसायला जायचा, त्यालाही घरी ठेवलं. बायको म्हणाली, "अवो, राग मास्तरावरचा, अन् लेकरांनी काय केलं?" मी म्हणालो, "माझी पोरं मी शिकवीन. मास्तरालाबी शिकवीन, म्हणावं."

आणि शिकवलं की. रोज सकाळी ओसरीवर बसवायचो, शास्त्र मांडीवर घ्यायचो, बोट ओळीवरून फिरवायचो. मी म्हणायचो, ती मागून म्हणायची. सुवार्ता एकदा ऐकलं की विसरायची नाही. पहिल्यांदा ती विचारायची, "आबा, ह्ये कोन्तं अक्षर?" मी म्हणायचो, "अक्षरं उकरत बसू नगं, फुडं म्हन." मग तिनं विचारणं सोडलं. तिला कळलं होतं का? — मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, पोर लहान होती, तिला काय कळणार. पण पुढं दानिएल तेच विचारायला लागला, तेव्हा त्याला तीच दटावायची, "आबाला मधी अडवायचं न्हाई." असं कोण बोलेल, कळल्यावाचून?

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या साली बायकोच्या पाठीला मोठं गळू झालं. मिशनची एक बाई औषधाची पेटी घेऊन घरोघर फिरायची, ती आली. सुवार्तेनं आईची जखम कशी धुतली, कशी बांधली, ते तिनं पाहिलं. म्हणाली, "काय हात आहे पोरीचा! हिला दवाखान्यात नर्सच्या वर्गाला घाला. वाचता येतं ना?"

शेजारची चार माणसं दारात उभी होती. मी म्हणालो, "येतं म्हंजे? मी शिकिवलंय."

जायच्या आदल्या दिवशी सुवार्ता दळायला बसली होती. जातं थांबवून म्हणाली, "आबा, दवाखान्यातली मडम वाचाया लावती म्हनं. तिनं दुसरंच पान काढलं तर?"

बघा, किती सरळ विचारलं तिनं. तेव्हाच सांगता आलं असतं. मास्तर गावातच होता, तिनं सहा महिन्यांत शिकून घेतलं असतं. मी काय म्हणालो? म्हणालो, "काढू दे की. बोट ठिव अन् म्हनायला लाग. गोऱ्या मडमला आपली मराठी किती वाचता येतीय?"

मडमला माझ्यापेक्षा चांगली येत होती. दवाखान्याच्या पडवीत तिनं शास्त्र मधूनच उघडून पोरीच्या हातात दिलं. ते नावांच्या वंशावळीचं पान होतं, हे मला मागाहून कळलं. सुवार्तेनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मेंढपाळाचं स्तोत्र म्हणायला लागली. स्वच्छ आवाजात, मी सांगितलं तसं. मडमनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच तिचं बोट उचलून दुसरीकडं ठेवलं. म्हणाली, "आता हे वाच बाळ." सुवार्तेनं पानावरून बोट काढून घेतलं. कंपाउंडर तोंड फिरवून हसला. मडमनं माझ्याकडं पाहिलं — "आपण घरी शिकवत होता ना?"

आता इथं आलो. इथवर यायला माझा जन्म गेला.

मी म्हणालो, "मडमसाहेब, पोर मंद हाय. मी लई शिकिवलं. तिच्या डोक्यात शिरत न्हाई."

सुवार्तेनं माझ्याकडं पाहिलं नाही. मडमला म्हणाली, "व्हय. आबांनी लई शिकिवलं. मलाच येत न्हाई."

वाटेत गाडीत बसून तिनं भाकरी सोडली, मला आधी दिली. मी खाल्ली.

तो शब्द आमच्या आधी गावात पोचला. मंद पोर म्हणून चांगली स्थळं आलीच नाहीत. मग अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका बिजवराला दिली, त्याची लेकरं सांभाळायला आणि भाताच्या चिखलात उभी राहायला. दानिएलला मात्र मी त्याच साली गुपचूप शाळेत घातलं. तो पुढं मास्तर झाला. लोक म्हणाले, बाप शिकलेला म्हणून पोरगा शिकला.

आणि मी वाचायला शिकलो. स्तोत्रं तोंडपाठ होतीच. एकेक शब्द म्हणायचा आणि तो पानावर कुठं बसलाय ते हुडकायचं. दार लावून बसायचो. म्हणजे ही वाट होती — तिला दाखवता आली असती.

एका नाताळाला ती माहेरी आली. मी ओसरीवर वाचत होतो, बोट अडखळत अडखळत चाललेलं. ती उभी राहून बघत होती. म्हणाली, "आबा, आता वाचता येतं जनू तुमाला."

मी म्हणालो, "मला पयल्यापासनं येतंय."

"आसंल," ती म्हणाली आणि चुलीकडं गेली.

ती अजून आहे. सासरी तिला आजही खुळी म्हणतात. दोनदा मी तिकडं जाऊन आलो, जेवून आलो. तिला काही बोललो नाही.