आप्पांचं बोट

माझे वडील, आप्पा, तंजावरात वीणेचे पडदे बसवत. गरम मेणात काजळी कालवायची, त्याचा थर दांडीवर द्यायचा आणि त्यात पितळेचे चोवीस पडदे सुराबरहुकूम रोवायचे. शेवटचा केसभर फरक ते डोळे मिटून उजव्या तर्जनीनं ओळखत. पार पापनाशमहून माणसं आमच्या ओसरीवर वीणा घेऊन येत, तेव्हा मी उगीचच नाक वर करून दारात उभी राही.

मी वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना आप्पांना अर्धांगाचा हलका झटका आला. हात पुन्हा चालू लागला, पण एक दिवस तर्जनी उकळत्या मेणात गेली आणि त्यांना कळलंच नाही. फोड आईनं पाहिला. झालं, घर बोटाच्या मागे लागलं. सकाळ-संध्याकाळ कोमट तिळेल. डॉक्टर होणारी मीही दोन दिवस तेलाची वाटी धरून बसले, याची अजून लाज वाटते.

मग पुस्तकातलं चित्र आठवलं. मेंदूत ज्या अवयवाच्या स्पर्शाला जितकी जागा, तितका तो अवयव मोठा काढलेला. हात सुपाएवढे, ओठ जाडजूड, पाठ चिमुकली.

“आप्पा, बोट धड आहे. डोक्यातली त्याची जागा दुखावली आहे.”

“मग डोक्याला तेल लाव गे,” आप्पा म्हणाले. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, “नवमीला हत्यारं पूजेला ठेवतों. दशमीला बोट बोललं तर उचलीन. नाही तर राहूं देत तिथंच.”

त्या जागेला पुन्हा शिकवून पाहा, आमचे सर म्हणाले. खात्री मात्र देईनात. मी रोज ताटात तांदूळ, उडीद, मोहरी मिसळून द्यायची, आप्पांनी डोळे मिटून वेगळं करायचं. एकदा चिडून त्यांनी ताटच भिरकावलं. मी दाणे गोळा केले आणि ताट परत पुढ्यात ठेवलं. हट्टीपणा मला त्यांच्याकडूनच आला होता.

विजयादशमीला त्यांनी पूजेतली वीणा मांडीवर घेतली. डोळे मिटले. तर्जनी पडद्यांवरून सरकत गेली आणि एका ठिकाणी थांबली.

“हा वर आहे. केसभर.”

मी बोट फिरवलं. मला काहीच लागलं नाही. त्यांनी अलीकडच्या पडद्यावर तार दाबून छेडली, तर ती पुढच्या उंच पडद्याला घासून सूर खरोखरच चरचरला. पुढे मला पदवी मिळाली, पण छाती तेव्हासारखी कधी फुगली नाही.

आप्पांनी डोळे उघडून माझ्या धडधाकट बोटाकडे पाहिलं. “तेल आता तुज्या डोक्याला लाव गे,” ते म्हणाले.