लपवलेली सुरी

हॉस्पिटलमधून घरी आले त्या दिवशी ओट्यावर माझी सुरी नव्हती. तिच्या जागी प्लास्टिकचा एक डबा होता आणि त्याच्या झाकणाला दोरी. दोरी ओढली की आतली पाती गरगर फिरतात आणि कांद्याचा चेंदामेंदा होतो. सून कौतुकाने म्हणाली, "बघा ना आई, किती सोपं आहे. डावा हात नुसता झाकणावर ठेवायचा. लागायची भीतीच नाही." मी दोरी ओढली. कांद्याला पाणी सुटलं. मी विचारलं, "माझी सुरी कुठे आहे?" मुलगा आणि सून एकमेकांकडे पाहू लागले.

पक्षाघाताचा झटका अगदी सौम्य होता असं सगळे म्हणत होते. सगळ्यांना म्हणायला काय जातं? पाय सावरला. जीभ तर लगेचच पूर्वीसारखी चालायला लागली, याचं घरात थोडं वाईटच वाटलं असावं. डाव्या हाताची बोटं हलत होती, वस्तू धरत होती, पण धरलेलं त्यांना कळत नव्हतं. गरम नाही, गार नाही, टोचलेलंही नाही. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेतलं, मला ऐकू येईल एवढंच बाजूला, आणि सांगितलं की यांच्या हाती धारदार काही देऊ नका, बोट कापलं तरी यांना कळणार नाही. झालं. डॉक्टरांचा शब्द खाली पडू नये म्हणून मुलाने घरी येऊन पहिलं काम केलं ते सुरी लपवण्याचं.

मला भीती वाटली, आणि ती बोटाची नव्हती. बदलापूरच्या या फ्लॅटमध्ये माझी म्हणावी अशी जागा एकच, तो ओटा. आज सुरी गेली, उद्या गॅस जाणार, परवा चहासुद्धा कोणीतरी हातात आणून देणार. "आई, तुम्ही बसा," असं सून दिवसातून कितीदा तरी म्हणायची. प्रेमानेच म्हणायची, त्यामुळे भांडताही येईना. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका अशा बसल्या आणि मग उठल्याच नाहीत. मला बसायचं नव्हतं.

ती सुरी साधी नाही. माझं माहेर चिखलोलीच्या बाजूचं. आमचं भातशेत होतं तिथे आता बिल्डिंगा आहेत आणि त्यांना परदेशी फुलांची नावं आहेत. वडिलांनी माझ्या लग्नात गावच्या लोहाराकडून ट्रकच्या चाकावरच्या कमानीच्या पट्ट्याची सुरी घडवून घेतली आणि सोबत धार लावायचा दगड दिला. आमच्याकडे त्याला निसणा म्हणतात. माझं सासर अंबरनाथचं, सासरे फॅक्टरीत ऑफिसर. लेकीला लग्नात सुरी आणि दगड कोण देतं, म्हणून सासरच्या बायकांनी तोंडाला पदर लावला होता. वर्षभरात त्याच बायका माझ्याकडे सुरी मागायला येऊ लागल्या.

निसणा उल्हास नदीच्या पात्रातला आहे. काळा, बारीक कणांचा, ओला केला की रेशमासारखा लागणारा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वडील विळा घेऊन पात्रात फिरायचे, एकेका दगडावर तो घासून बघायचे आणि तोंड वाकडं करून पुढे जायचे. मनासारखा दगड मिळाला की खांद्यावर टाकून घरी. मला धार लावायला त्यांनीच शिकवलं. मी जोर लावायला लागले की म्हणायचे, "बाय, रेटू नको. दगडाला त्याचं काम करू दे."

सुनेला ती सुरी कधीच आवडली नाही. पातं काळपट, त्यावर कोकमाचे डाग, चिरलेलं सफरचंद लगेच काळं पडतं, ओली ठेवली तर तासाभरात गंज धरते. सगळं खरं आहे. चिरून झालं की ती पुसावी लागते, खोबरेल तेलाचं बोट फिरवावं लागतं. स्टीलच्या सुऱ्यांना असले लाड लागत नाहीत. त्यांना धारही नसते.

तर मी बंड पुकारलं. सुरी मिळेपर्यंत या घरात भाजी चिरणार नाही, असं जाहीर केलं. हा निव्वळ मूर्खपणा होता, कारण त्यांना नेमकं तेच हवं होतं. मुलगा म्हणाला, "बरं झालं, तुला आराम." सुनेने आनंदाने डब्याची दोरी ओढली. आम्ही आठवडाभर कांद्याचा, काकडीचा, गाजराचा लगदा खाल्ला आणि मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या.

मग लक्षात आलं की त्यांनी सुरी लपवली, निसणा नाही लपवला. त्यांना तो निसणा आहे हेच ठाऊक नव्हतं. बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीला टेकू म्हणून तो बसला होता. मी तो उजव्या हाताने ओढून काढला, धुतला आणि ओल्या गोणपाटावर ठेवला. आता धार कशाला लावायची? विळी लपवलेली, कात्री लपवलेली. घरात लोखंडाचं उरलं होतं ते भाकरीचं उलथनं. मी उलथन्याला धार लावली.

राग होता म्हणून चांगली लागली. दुसऱ्या दिवशी सुनेने त्याच उलथन्याने डोसा काढला आणि डोशाबरोबर नॉनस्टिक तव्याचं कोटिंगही सोलून आलं. संध्याकाळी मुलगा माझ्यासमोर येऊन बसला.

"आई, तू उलथन्याला धार लावलीस?"

"सुरी नव्हती."

"अगं, कोणी उलथन्याला धार लावतं का?"

"आता चमचे घेणार आहे."

त्याने कपाळाला हात लावला. सून आतून हसली, ते मी ऐकलं. हसताना ती माझ्या बाजूची वाटली, पहिल्यांदाच.

त्या शनिवारी मुलगा उल्हासनगरला गेला आणि परत आला तो सुरी घेऊनच. कॅम्प एकमधल्या एका दुकानात मशीनवर धार लावून आणली होती. आपण आईसाठी काहीतरी मोठं केलं, असा आनंद त्याच्या चेहऱ्यावर. आमच्याकडे सुरी कोणाच्या हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. त्याने ती आठवणीने ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "घे. एकदम रेझर झालीय. दुकानवाला बोलला, 'भाईसाब, लोहा पुराना है, लेकिन माल एक नंबर है.'"

मी सुरी उजेडात धरली. धारेच्या कडेने निळी झाक आली होती, टोकाकडे जास्त. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीनच्या चाकावर पातं कोरडंच दाबलं होतं, ते तापलं होतं आणि लोखंड कडक करायला लोहाराने दिलेलं पाणी तिथे उतरलं होतं. पाणी उतरलेलं लोखंड मऊ पडतं. धार दिसते, पहिल्या दिवशी कापतेही, मग दुमडते. मी मुलाला तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणाला, "लपवली तरी बोलतेस, दिली तरी बोलतेस. मी करू तरी काय?" त्याचे डोळे भरले होते. मला कळवळा आला, पण मी शब्द मागे घेतले नाहीत, कारण सुरी जळली होती हे खरंच होतं.

"आता ही मी नीट करणार," मी म्हणाले. "आणि कोणी मध्ये यायचं नाही."

निळं लोखंड घासून घासून काढून टाकायचं, खालचं चांगलं लोखंड लागेपर्यंत मागे जायचं, एवढाच उपाय होता. तोही हाताने, पाण्याने, सावकाश, म्हणजे परत तापणार नाही. पण उलथनं एका हाताने रेटून घासलं तरी चाललं होतं, सुरीला धार लावायला दोन हात लागतात. उजवा मूठ धरतो आणि डाव्याची बोटं पात्यावर टेकून दाब देतात. किती दाब द्यायचा ते बोटांना कळतं, बाकी कोणाला कळत नाही. माझ्या बोटांना काहीच कळत नव्हतं. पहिल्या दिवशी पातं वेडंवाकडं घासलं, एकदा तर निसण्यावरून सटकून गोणपाटात घुसलं. मी रडले. बाल्कनीचं दार लावून घेतलं होतं, त्यामुळे कोणी पाहिलं नाही.

मग मी कान लावला. पातं बरोबर टेकलं की निसणा एकसारखा बोलतो, सूं सूं. दाब जास्त झाला की खरखरतो, कोन चुकला की आवाजच पातळ होतो. बोटांचं काम मी कानांना दिलं आणि उरलेलं डोळ्यांना. दगडावर काळं कालवण साचतं, ते पाण्याने धुवून टाकायचं नाही, तेच धार घासतं. ते पात्याच्या कोणत्या बाजूला जमतंय ते बघून बोटं सरकवायची. रोज सकाळी, मुलगा ऑफिसला गेला की, मी बाल्कनीत बसायचे. समोरच्या बिल्डिंगमधली बाई कपडे वाळत घालताना माझ्याकडे अशी बघायची की मी कोणाचा तरी खून करणार आहे. मी तिला हात करायचे, सुरी धरलेलाच.

निळी झाक हळूहळू निघाली. सुरी रुंदीला कमी झाली, वडिलांनी दिली होती त्याहून बारीक. पण एका सकाळी कांद्याच्या सुट्या पापुद्र्यावरून ती फिरवली आणि पापुद्र्याचे दोन झाले. मी सुनेला हाक मारली. तिने स्वतः करून पाहिलं, मग अजून एक पापुद्रा घेतला, मग अजून एक. "आई, हे भारी आहे," ती म्हणाली.

रविवारी मी जाहीर केलं की मुळ्याची कोशिंबीर मी करणार. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, सून त्याच्या मागे. परीक्षेला बसवल्यासारखं वाटलं. मी डाव्या हाताची बोटं आत वळवून मुळा धरला आणि चिरायला लागले. काय चिरत होते म्हणून सांगू! पातळ, एकसारख्या चकत्या, सुरी नुसती ठेवली की खाली जात होती. इतक्या दिवसांनी माझ्या हाताने काहीतरी धड होत होतं आणि मी मान वर करून दोघांकडे पाहिलं, तेवढंच.

परत खाली पाहिलं तर पांढऱ्या मुळ्यावर तांबडं पसरत होतं.

मला कळलंच नव्हतं. जराही नाही. तर्जनीचं टोक कापलं होतं, स्वच्छ, सरळ, आणि मी चिरतच होते. सून ओरडली. मुलगा दोन ढांगांत ओट्यापाशी आला.

"बघ. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतं. आणि बरोबर सांगितलं होतं."

"मग आता तरी दे ती इकडे."

मी सुरी सोडली नाही. हात नळाखाली धरला. पाणी गार होतं की कोमट, तेही कळलं नाही.

"हे बोट माझं आहे," मी म्हणाले. "तुझं असतं ना, तर मीसुद्धा सुरी लपवली असती. जन्मभर लपवली असती."

तो आत जाऊन पट्टी घेऊन आला, माझं बोट पुसलं, कापूस ठेवला आणि पट्टी गुंडाळू लागला. लहानपणी त्याच्या गुडघ्यांना मी बांधायचे तशी, तोंड घट्ट मिटून. शेवटचा वेढा देताना त्याने सवयीने विचारलं, "घट्ट झाली का?"

"मला काय माहीत," मी म्हणाले. "तूच बघ."

त्याने बोटाचं टोक निरखून पाहिलं, वेढा थोडा सैल केला, परत पाहिलं. मग तो ओट्याला टेकून उभा राहिला, माझ्या डाव्या हातावर नजर ठेवून. मी तांबड्या झालेल्या चकत्या टाकून दिल्या आणि उरलेला मुळा चिरायला घेतला.