चाचीनं भरलेला चुडा

"हात ढिल्ला सोड, बेटा. काऊन भेऊन राह्यली?" आमच्या सिंदेवाहीतल्या कुठल्याही बाईला हे वाक्य ऐकवा, तिला आमची बांगडीवाली चाचीच आठवेल.

मोहल्ल्यातून टोपली घेऊन ती घरोघर यायची. उकिडवी बसून बोटं अशी चोळायची, की बांगडी कधी चढली ते कळायचंही नाही. बांगड्या भरून झाल्या की भरणारीच्या पाया पडायची आपल्यात रीत. चाचीला ते बिलकूल खपायचं नाही. आपण वाकलो की ती आपल्याआधी वाकून हात धरायची. "डोकं वरवाल्यापुढं झुकवा, मी तं बांगडीवाली आहो." आम्ही मुद्दाम वाकायचो, बघू कोण आधी पोचतं ते. चाचीच जिंकायची.

त्या हिवाळ्यात ती न्हाणीत घसरली. चंद्रपूरला तिचा अर्धा खुबा बदलला. मोडलेला गोळा काढून स्टीलचा बसवला. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, खाली वाकायचं नाही, नाहीतर गोळा निसटेल, असं डॉक्टरांनी बजावलं. काठी टेकत ती चालायला लागली. "डाक्टरनं मले खुर्चीवरची पाटलीण करून टाकलं," म्हणायची.

उन्हाळ्यात माझ्या लेकीचं लग्न निघालं. चुडा चाचीच भरणार, हा लेकीचा हट्ट आणि चाचीचाही. "हेही काम गेलं तं मी नुसती भिंतीकडं पाहत राहीन," ती म्हणाली. मांडवात तिला खुर्ची दिली, टोपली टेबलावर ठेवली. खाली पडलेली बांगडीसुद्धा तिला उचलू दिली नाही. हिरवागार चुडा भरून झाला.

लेक पाया पडायला वाकली.

आणि चाची झटकन वाकली, तिचे हात धरायला. एवढी सगळी काळजी घेतली होती आम्ही, पण ही सवय कोणाच्याच ध्यानात आली नव्हती, अहो, तिच्यासुद्धा. खट्ट असा आवाज झाला. माझ्या कानांनी ऐकला मी. चाचीचा चेहरा पांढराफटक पडला. मी हळदीकुंकवाचं ताट धरून तशीच उभी.

लेकीचं मनगट तिच्या मुठीत होतं. खुब्यातली कळ सोसवत नव्हती चाचीला. लेक रडत म्हणाली, "चाची, घट्ट धर मले."

चाचीनं मूठ सोडली. "नाई बेटा. चुडा फुटन."

एसटीडी बूथवरून फोन करून जीप मागवली, तिला नेलं. गोळा परत बसवला म्हणे, पण तिचा मुलगा तिला कुरखेड्याला घेऊन गेला आणि ती पुन्हा आमच्या गल्लीत आली नाही.

लेक दुसऱ्या दिवशी सासरी गेली. चुड्यातली एकही बांगडी फुटली नव्हती.