वच्छलाबाईचं वाफाळतं आंबोण

करमाडच्या वच्छलाबाईचं कधी काही चुकत नाय, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. भाजी खारट झाली तर मीठच वाईट, एसटी हुकली तर ड्रायव्हरच आगाऊ! बाई लई मायाळू, पण नाकावर माशी बसू द्यायची नाय.

तिची तांबू गाय व्याली तेव्हा चौदा लिटर द्यायची, ती दोन महिन्यांत नवावर आली. शेंद्र्याला कंपनीत असलेला तिचा मुलगा बद्रीनाथ म्हणाला, "आई, पंधरा दिवस बघू. नाय वाढलं तर व्यापाऱ्याला देऊन टाकू." वच्छलाबाईला हे कसं पटावं? तांबूला तिनं वासरू असल्यापासून हातानं चारलेलं.

दूध वाढावं म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी यीस्टची पावडर दिली. "हे जिवंत असतं बरं का, चारा पचवतं..."

"कळलं, कळलं!" म्हणत बाई गोठ्याकडं वळलीसुद्धा. पुढचं ऐकतंय कोण? रोज ती चुलीवर सरकी नि भरडा शिजवायची, त्या वाफाळत्या आंबोणात चमचाभर पावडर कालवायची नि निवलं की मायेनं तांबूपुढं ठेवायची. बारा दिवस झाले. दूध नऊ म्हणजे नऊच.

तेराव्या दिवशी मुख्तार दूध न्यायला आला. त्याची जालना रोडला नानची भट्टी. पावडरचा आंबूस वास त्यानं ओळखला, नि बाईचा चमचा वाफाळत्या पातेल्यात जाताना बघून कपाळावर हात मारला.

"या अल्ला! मावशी, हे तर खमीर! आम्ही नानच्या पिठात घालतो, ते पण कोमट पाण्यात. उकळत्यात टाकलं की मेलंच समजा."

"तीस वर्षं गाई सांभाळते मी. तू मला शिकवतो व्हय?"

"गाईचं तुम्हीच जाणा. खमीरचं तेवढं माझं ऐका."

तो गेला. बाईनं आजूबाजूला कुणी नाय हे बघितलं, आंबोण पुरतं निवू दिलं, बोट बुडवून पाहिलं, मग पावडर घातली. दुसऱ्या दिवशीही तसंच.

पंधराव्या दिवशी बद्रीनाथ व्यापाऱ्याला घेऊनच आला. दूध भरलं साडेनऊ. व्यापाऱ्यानं दाव्याला हात घातला. पावडरच बोगस निघाली, असं म्हणायला बाईची जीभ वळवळली हो! पण पावडर बोगस म्हटलं, तर दूध वाढायची आशाच संपली, मग तांबू चाललीच की.

"सोड ते दावं!" ती ओरडली. "पावडर चांगली हाय, गाय बी चांगली हाय. मीच रोज उकळत्यात टाकून वाया घालवली. माझं चुकलं, बद्री." आणि तांबूच्या मानेला मिठी मारून ती ढसाढसा रडली.

बद्रीनाथनं आ वासला. चाळिशीला आला होता तो. आईच्या तोंडून हे शब्द आजच ऐकत होता. त्यानं व्यापाऱ्याला हात जोडले.

"काका, या तुम्ही. आता हिनं नऊ दिलं काय नि चार दिलं काय, ही गाय इथंच ऱ्हाणार."

दूध महिन्याभरात बारावर गेलं, ती नंतरची गोष्ट.